कोरड्या बंदराचं साप्ताहिक

मोरेश्वर घैसास हा जन्मजात संपादक आहे, असं मोरेश्वर घैसासचं ठाम मत होतं. पोटासाठी तो अमेरिकेतल्या कॅरी गावात एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. पण तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक हातात आला की त्याच्या अंगात यायचं. लोकांच्या कविता तो निम्म्यावर आणायचा, पाककृतींतली विशेषणं उडवायचा आणि स्वतःचं संपादकीय मात्र चार पानं ऐसपैस पसरायचा. ते संपादकीय वाचलेला माणूस अजून कोणाला भेटलेला नाही.

अशा माणसाच्या नजरेस नेमकी ती बातमी पडावी! नेवाडातल्या पोर्ट ऑलिव्हर नावाच्या गावात दीडशे वर्षांचं एक साप्ताहिक बंद पडायला आलं होतं, आणि थकलेला मालक ते चालवायला तयार असलेल्या कोणालाही देऊन टाकणार होता. 'पोर्ट ऑलिव्हर ब्युगल' हे त्याचं नाव. मोरेश्वरने मनातल्या मनात त्याचं 'बिगुल' करून टाकलं आणि त्या दिवसापासून त्याला उठता-बसता जुन्या पश्चिमेतले संपादक दिसू लागले. तंबूत छापखाना, एका हाताने छपाईचे खिळे जुळवायचे, दुसरा हात खणातल्या पिस्तुलावर. सकाळी अग्रलेख, दुपारी गोळीबार.

"फुकट का देतायत, ते विचारलंस?" संध्याने विचारलं. संध्या त्याची बायको. क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीत आयुष्य गेल्यामुळे तिचा कोणाच्याही उत्साहावर पटकन विश्वास बसत नसे.

"निर्भीड पत्रकारितेला आज वाली नाही म्हणून."

"नकाशा बघितला मी. नावात पोर्ट आहे आणि आजूबाजूला सगळं पिवळं."

पण लेक शिवांगी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला कॉलेजात गेली होती, संध्याचं काम घरूनच चालायचं, आणि नाही म्हटलं असतं तर हा माणूस पुढची वीस वर्षं तेच उगाळत बसला असता. "एक वर्ष," ती म्हणाली. शिवांगीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, इज धिस अ मिडलाइफ थिंग?" मोरेश्वरने तिला लोकशाहीचा चौथा स्तंभ समजावून सांगितला. तिने मध्येच फोन म्यूट केला असावा.

पोर्ट ऑलिव्हर म्हणजे एक रस्ता, एक मोटेल, दोन बार, एक शाळा आणि चहूकडे क्षितिजापर्यंत करडी खुरटी झुडपं. गावाबाहेर खारट मातीचं पांढरंफेक मैदान होतं. दुपारच्या उन्हात ते लांबून तळ्यासारखं चमकायचं आणि जवळ गेलं की फक्त डोळे दुखायचे. वेशीवर एक भला मोठा लोखंडी नांगर ठेवलेला होता. शेताचा नव्हे, जहाजाचा. तशी त्या जमिनीत दोन्ही नांगरांना सारखीच मागणी होती.

साप्ताहिकाच्या कचेरीत सगळा कर्मचारीवर्ग त्याच्या स्वागताला हजर होता, म्हणजे मार्लीन. सत्तरी ओलांडलेली मार्लीन जाहिराती घ्यायची, अंक पोस्टात टाकायची आणि 'कोण कुठे' हे सदर लिहायची. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची गाय हरवली, कोण दवाखान्यातून घरी आलं, याची इत्थंभूत हकिगत त्यात असे. मोरेश्वरने पहिल्याच अंकात त्या सदराला कात्री लावली आणि त्या जागी 'जागे व्हा!' या मथळ्याचा अग्रलेख टाकला.

गाव जागं झालं. सकाळपासून फोन वाजायचा थांबेना.

"डॉटी विचारतेय," मार्लीन फोनवर हात ठेवून म्हणाली, "तिची बहीण एल्कोहून येऊन राहून गेली, ते का छापलं नाही?"

"ती बातमी नाही, मार्लीन."

"अरे मो, त्या दोघी आईच्या मयतापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. ही बातमी नाही, तर मग काय तुझं ते जागे व्हा?"

पुढच्या अंकात डॉटीची बहीण पहिल्या पानावर आली. मोरेश्वरला ते फार लागलं. आपण चुकीच्या शतकात आलो, असं वाटून तो मागच्या खोलीत गेला आणि तिथे ठेवलेले ब्युगलचे जुने अंक चाळू लागला. निदान पूर्वजांच्या सहवासात तरी बरं वाटेल, ही आशा.

पूर्वज भेटला. कर्नल हायरम स्टॅन्सबरी, संस्थापक-संपादक. कर्नल ही पदवी त्याला कुठल्या सैन्याने दिली, याचा पत्ता नव्हता. त्याने गावाच्या आधी वर्तमानपत्र काढलं. झुडपांत तंबू ठोकून अंक छापला आणि गठ्ठेच्या गठ्ठे पूर्वेकडच्या शहरांत पाठवून दिले. पहिल्याच अंकात पोर्ट ऑलिव्हरला बंदर होतं, कॉलेज होतं, सफरचंदाच्या बागा होत्या आणि संगमरवरी ऑपेरा हाउस होतं. प्रत्यक्षात होते काही तंबू; त्यांतल्या सगळ्यांत मोठ्यात दारू मिळायची आणि प्यायल्यावर लोक गायचे, म्हणून ते ऑपेरा हाउस. हिवाळा सरताना पांढऱ्या मैदानावर घोट्याएवढं पाणी साचायचं, त्यावर कर्नलने चित्रकाराकडून आगबोटी काढून घेतल्या होत्या. लोक ते वाचून घरदार विकून आले, आणि त्यांना प्लॉट विकणारा माणूसही कर्नलच होता.

गावात काही दिवस दुसरं एक साप्ताहिकही होतं. त्याचा संपादक ऑगस्ट लिंडक्विस्ट. तो दर आठवड्याला एकच बातमी न चुकता द्यायचा: 'याही आठवड्यात आगबोट आलेली नाही. कारण, पाणी.' कर्नल त्याला आपल्या अंकातून 'पोटशूळ झालेलं गाढव' म्हणायचा. तो कर्नलला 'नुसत्या तोंडच्या वाफेवर फुगलेला फुगा' म्हणायचा. अखेर कर्नलच्या माणसांनी लिंडक्विस्टचे सगळे खिळे रस्त्यातल्या चिखलात फेकून दिले आणि तो बायकोला घेऊन घोडागाडीतून निघून गेला.

मोरेश्वर ते वाचून थरारला. लिंडक्विस्ट! हाच आपला खरा पूर्वज! संस्थापक दिनाचा अंक तोंडावर आला होता. त्याने पहिलं अख्खं पान कर्नलवर खर्ची घातलं. मथळा होता: 'एका थापेवर वसलेलं गाव'.

अंक निघाल्यावर तो कचेरीचं दार सताड उघडं टाकून बसला. आता कोणीतरी येणार. चाबूक घेऊन येईल, दगड मारील, निदान शिव्या तरी देईल. खणात पिस्तूल नव्हतं, स्टेपलर होता. संध्याला त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं, "काही झालं तर घाबरू नकोस." ती म्हणाली होती, "येताना दूध आण."

दुपारी खरोखरच दारात सावली पडली. बक टॉलिव्हर नावाचा अगडबंब रँचवाला गुंडाळलेला अंक मुठीत घेऊन आत आला. मोरेश्वर उठून टेबलामागे उभा राहिला.

"बोटींच्या शर्यतीची वेळ कुठाय?" बक गरजला.

"अं?"

"संस्थापक दिनाला बोटी खांद्यावर घेऊन मैदान ओलांडतो आम्ही. दर वर्षी पहिल्या पानावर वेळ असते. तू छापलीच नाहीस! लोकांनी यायचं कधी?"

"पण कर्नल... कर्नल खोटारडा होता हे तुम्ही वाचलंत?"

"ते शाळेतल्या पोरांनाही माहितेय. माझा खापरपणजोबा त्याचं वाचून ओहायोहून बोट घेऊन आला होता. बैलगाडीवर घालून! तीच घेऊन धावतो आम्ही."

"मग तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना," बक म्हणाला. "वेळ छापली नाहीस त्याचा."

चाबकाचे फटके परवडले असते. अशा घायाळ अवस्थेत असतानाच त्याच्याकडे वेड हॉलिस आला. हॉलिस काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, कमिशनर होता आणि जमिनीही विकायचा. दोन्ही कामं एकाच कचेरीतून, एकाच हसऱ्या तोंडाने. त्याने मोरेश्वरचा लेख वाचला होता. पूर्ण. त्यातली वाक्यं तो तोंडपाठ म्हणून दाखवत होता. मोरेश्वरच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

"अशी लेखणी या गावात वाया चाललीय," हॉलिस म्हणाला. मैदानाकाठी त्याने 'हार्बर व्ह्यू' नावाने प्लॉट पाडले होते. "तुझ्या लोकांना सांग. इंजिनीअर लोक, कष्टाळू, स्वतःच्या जमिनीची हौस असलेले. डेटा सेंटर येतंय, विमानतळ येतोय."

"येतोय?"

"बोलणी चालू आहेत."

"मी खोटं लिहिणार नाही," मोरेश्वर ताठ होत म्हणाला.

"खोटं लिही कोण म्हणतंय? भविष्यकाळ फक्त जरा अलीकडे ओढायचा."

मोरेश्वरने तो ओढला. 'वाळवंटातली कोकणपट्टी' असा लेख मराठीत लिहून त्याने कॅरीच्या आणि पिस्कॅटवेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तळ्याकाठची शांतता, उंबरठ्यावर आलेलं डेटा सेंटर, पुढेमागे गणपतीचं देऊळ आणि 'कॅलिफोर्निया आता जुनं झालं' असा शेवट. आणि काय सांगावं! आयुष्यात पहिल्यांदा त्याचं लिखाण लोकांनी वाचलं. अंगठे आले, हात जोडलेले आले, बदाम आले. 'काय लेखणी आहे!' असं लोक म्हणाले. दिवाळी अंकाच्या सगळ्या वर्षांची भूक एका संध्याकाळी भागली.

संध्याने तो लेख चष्मा लावून वाचला.

"डेटा सेंटर उंबरठ्यावर आहे. कुठल्या उंबरठ्यावर?"

"बोलणी चालू आहेत."

"तळ्याकाठची शांतता?"

"हिवाळा सरताना असतं पाणी. थोडं."

"कर्नल," संध्या शांतपणे म्हणाली, "जेवायला चला."

पहिल्याच घासाला त्याने ताट बाजूला सारलं. तेवढ्यात फोनवर आणखी काही अंगठे उमटले आणि त्याने ताट परत ओढून घेतलं.

जूनमध्ये पिस्कॅटवेहून जगन्नाथकाका रानडे आणि मालिनीकाकू भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन, मजल दरमजल करत पोर्ट ऑलिव्हरला पोचले. काका रिटायर्ड, मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणारे. हार्बर व्ह्यूतला प्लॉट त्यांनी न बघताच ऑनलाइन घेऊन टाकला होता, "मोरेश्वरने लिहिलंय म्हणजे झालं" म्हणून. मोरेश्वर त्यांना जागेवर घेऊन गेला. 

जागेवर चार खुंट्या होत्या आणि त्यांना बांधलेल्या नारिंगी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. बाकी पांढरी माती. मालिनीकाकूंनी डोक्यावरची टोपी धरून चहूकडे एक गिरकी घेतली.

"पाणी कुठाय?"

"विहीर खणता येते, काकू. पण फार खोल जावं लागतं, आणि लागलं तरी खारट. लोक टँकर मागवतात."

"टँकर!" काकू म्हणाल्या. "मोरेश्वर, मी माण तालुक्यातली. लहानपणी टँकरमागे हंडे घेऊन धावले. त्या टँकरला कंटाळून मी अमेरिकेत आले रे!"

मोरेश्वरला वाटलं, खारी जमीन दुभंगावी. ती दुभंगण्यासारखी नव्हती; फार कडक होती.  काकांनी मात्र खुंट्यांकडे एकदा बघून फोन काढला.

"मालिनी, इकडे उभी राहा. सूर्य पाठीमागे येऊ दे."

"मी नाही उभी राहणार."

काकांनी मग स्वतःचाच फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला: 'स्वतःच्या जमिनीवर! तळ्याचं वर्णन शब्दांत करणं अशक्य.'

"काका, तळं नाहीये," मोरेश्वर कळवळून म्हणाला.

"म्हणूनच अशक्य म्हटलंय," काका फिस्कारले. "ग्रुपवर तो कुलकर्णी आहे. घेऊ नका, घेऊ नका म्हणत होता. त्याला आता काय तोंड दाखवू?"

फोटोने काम चोख केलं. त्याच आठवड्यात कॅरीहून प्रथमेशचा फोन आला. प्रथमेश आणि त्याची बायको अदिती, दोघं आयटीत, व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग त्यांच्या हयातीत सरकेल अशी चिन्हं नव्हती. "दादा, इथे काहीच आपलं नाही यार," प्रथमेश म्हणाला. "घर रेंटचं, व्हिसा कंपनीचा. म्हटलं, निदान एक तुकडा जमीन आपली असावी. काकांचा फोटो बघून डिसाइड केलं. सगळं सेव्हिंग टाकतोय. तुमच्यामुळे हिंमत झाली."

मोरेश्वरने फोन ठेवला. त्याने त्याच बैठकीत सगळं खरं लिहून काढलं: तळं नाही, पाणी नाही, डेटा सेंटरचा पत्ता नाही, माझा आधीचा लेख ही शुद्ध थाप होती, मला माफ करा. ग्रुपवर टाकण्याआधी काकांना कळवणं त्याला भाग वाटलं. त्याने फोन केला.

काका ट्रेकिंगची काठी घेऊन कचेरीत आले. आल्याआल्याच त्यांनी ती टेबलावर अशी हाणली की मार्लीनच्या कॉफीने उडी घेतली.

"माझं हसं करणार तू? सगळ्या जर्सीत? एक शब्द टाकलास तर याद राख!"

संपादकावर कोणीतरी काठी उगारली होती. इतकी वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली तो क्षण हाच. पण मोरेश्वरला त्यात काडीचंही शौर्य जाणवेना. समोर एक फसलेला म्हातारा होता आणि त्याला फसवणारा टेबलामागे उभा होता.  मोरेश्वरने ग्रुपवर पाठवायचं बटण दाबलं.

"काय म्हणतायत ते?" मार्लीनने विचारलं. "'कोण कुठे'मध्ये घेऊ?"

ग्रुपवर सत्य गेलं, आणि मोरेश्वर उत्तरांची वाट पाहत बसला. ती लवकरच आली. 'स्वतःची जमीन घेऊन झाली, आता दुसऱ्यांना नको.' 'आधी याने स्वतः किती एकर दाबलीय ते विचारा.' 'नक्की कुठलीतरी बडी कंपनी येतेय, म्हणून माणूस बिथरलाय. रेट वाढायच्या आत घेऊन टाका.' कुलकर्णी, जो इतके दिवस नको म्हणत होता, त्यानेही खाजगीत दोन प्लॉटची चौकशी केली. संध्याकाळपर्यंत मोरेश्वरला ग्रुपमधून काढून टाकलं. प्रथमेशने फोन उचलला नाही; नुसता मेसेज पाठवला, 'दादा, हे तुमच्याकडून एक्स्पेक्ट केलं नव्हतं.'

"खरं बोललो तर कोणी विश्वास ठेवत नाही," मोरेश्वर घरी येऊन म्हणाला.

"खोट्यावर तूच ठेवायला लावलास ना?" संध्या म्हणाली. मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "पेपर आहे ना तुझ्याकडे? मग छाप."

यावेळी त्याने अग्रलेख लिहिला नाही. हॉलिसच्या प्लॉटांवर पाण्याचा हक्क नाही, हे त्याने काउंटीच्या कागदांतून तपासून साध्या इंग्रजीत लिहिलं. विमानतळाची बोलणी कोणाशी चालू आहेत हे हॉलिसला विचारलं आणि त्याचं उत्तर, म्हणजे 'तुला काय झालंय, मो?', जसंच्या तसं छापलं. मार्लीनने विशेषणं मोजली. एकही सापडलं नाही, तेव्हा तिने पान छपाईला पाठवलं.

प्रथमेश आणि अदिती सह्या करायला आले ते त्याच अंकाच्या आठवड्यात. ते मोटेलवर उतरले. प्रथमेश खोलीची किल्ली घेत असताना काउंटरवरचा ब्युगल अदितीने सहज उचलला आणि उभ्या-उभ्या वाचून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिसच्या कचेरीऐवजी दोघं मोरेश्वरच्या दारात उभे होते.

"थँक गॉड, वाचलो," अदिती म्हणाली. "सगळं कॅन्सल केलं आम्ही."

"अगं, पण हेच तर मी ग्रुपवर लिहिलं होतं. शब्द न् शब्द!"

"मराठीत लिहिलंत ना, दादा? आम्हाला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय." ती प्रामाणिकपणे म्हणाली. "हे इंग्लिशमध्ये प्रिंट झालंय. म्हणजे खरंच असणार."

 संध्या आत पोहे करायला निघून गेली. स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

हॉलिस काही गप्प बसला नाही. काउंटीच्या जाहीर नोटिसा त्याने शेजारच्या गावातल्या साप्ताहिकाकडे वळवल्या. त्या नोटिसांच्या पैशांवरच ब्युगल जगत होता, त्यामुळे पानं निम्मी झाली. अग्रलेखाला जागा उरली नाही. राहिलं 'कोण कुठे', शाळेचे सामने आणि हरवलेली गुरं. अंक एकदम सुधारला यावर गावात एकमत झालं. हॉलिसचा धंदा काही थांबला नाही. फक्त त्याने आता मराठी माणसांचा नाद सोडून दुसऱ्या कोणाच्या तरी ग्रुपकडे मोर्चा वळवला.

मालिनीकाकू पहिलं मिळालं ते विमान पकडून पिस्कॅटवेला परतल्या. काका गेले नाहीत. आपण उन्हाळाभर तळ्याकाठी राहणार, असं त्यांनी कुलकर्णीला सांगून ठेवलं होतं. चार खुंट्यांच्या मधोमध आरव्ही लावून ते घडीच्या खुर्चीत बसायचे आणि सूर्यास्ताचे फोटो टाकायचे. मोरेश्वर दर संध्याकाळी त्यांच्यासाठी पाण्याचे कॅन घेऊन जायचा. कॅन उतरवायचा, रिकामे उचलायचा. दोघांत अक्षराचा व्यवहार नव्हता.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी तो कॅन ठेवून वळला तेव्हा काका पाठीमागून म्हणाले, "अंक वाचला तुझा."

मोरेश्वर थांबला.

"स्पेलिंगच्या चुका आहेत. बस. दाखवतो."

दुसरी खुर्ची नव्हती. मोरेश्वर एका रिकाम्या कॅनवर बसला, आणि काकांनी खिशातून पेन काढलं.